देवडीवरची रीतवही

"हत्ती आला एक, आणि वहीत चार?" उदाजीराजे गरजले.

कंदरगडाच्या दरवाज्यातून जे काही आत येईल, त्याची नोंद देवडीवर व्हायची. ती कशी करायची हे सांगणारी आणखी एक वही होती, रीतवही. ती सांभाळायचे बहिर्जी कारकून, आणि त्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांची लेक सगुणा. रीतवहीत राजांच्याच जुन्या हुकमाने लिहिलं होतं, 'जनावराचे पाय मोजावेत.' पहारेकऱ्याने मोजले. पाहुण्यांच्या एका हत्तीपुढे चार हत्तींचा ऊस येऊन पडला. हत्तीची काही तक्रार नव्हती.

"पाय नाही, डोकी मोजा, असं मी सकाळीच फर्मावलं होतं!"

"कोणाला, महाराज?" सगुणाने विचारलं.

"मालिशवाल्याला!"

बहिर्जींनी कपाळावर हात मारून घेतला. राजांचे हुकूम हे असे! न्हाताना एक, जेवताना दुसरा, आणि रीतवही मागे पडली की खापर कारकुनाच्या माथी.

"मी रीत केव्हाही बदलेन," राजे म्हणाले, "पण तुझी वही क्षणभरही चुकीची असता कामा नये. उद्या दुपारपर्यंत तशी वही कर. नाही जमलं, तर बापलेकींनी देवडीतलं बिऱ्हाड उचलायचं!"

डोळ्यांनी अधू बापाला घेऊन जायचं तरी कुठे? पण सगुणा एवढंच म्हणाली, "जशी आज्ञा."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली, ती रिकाम्या हातांनी.

"वही कुठाय?"

"देवडीवर. इथे आणली तर पहारेकरी काय आभाळाकडे बघून लिहिणार?"

दिवाणजींना ठसका लागला.

"बरं! मग हा घे हुकूम. आजपासून प्रत्येकाच्या मिशीची लांबीही लिहायची! झाली ना वही चुकीची?"

"नाही, महाराज. तुमचा हुकूमच अजून झालेला नाही."



"काय म्हणालीस?"

"वही क्षणभरही चुकता कामा नये, हा कालचा हुकूम तुमचाच. तो मी वहीत पहिल्या पानावर उतरवला. आता मिशीचा हुकूम वहीत चढण्याआधीच लागू झाला, तर वही चुकली. म्हणजे कालची राजाज्ञा मोडली, आणि मोडली कोणी? खुद्द महाराजांनी! त्याची शिक्षा दिवाणजी सांगतील."

दिवाणजी गालिच्याची नक्षी बघू लागले.

"म्हणजे हुकूम आधी वहीत, मग लागू?" राजांनी विचारलं.

"होय."

"आणि लिहायला मी देवडीवर यायचं?"

"मालिशवाल्याला लिहिता येत असेल, तर त्याला धाडा. एकशेऐंशी पायऱ्या आहेत, महाराज. चढायलाही तेवढ्याच."

राजे असे खदखदून हसले की पगडी कानावर आली!

"मिशी राहू दे! बहिर्जींचं बिऱ्हाड देवडीतून कोणी हलवायचं नाही! रीतवहीची मुखत्यार आजपासून सगुणा, आणि वर सोन्याचं कडं!"

सगुणा जागची हलली नाही.

"आता काय राहिलं?"

"हे नुसतं बोलणं झालं, महाराज," सगुणा म्हणाली, आणि दिवाणजींच्या पुढ्यातली लेखणी उचलून तिने राजांपुढे धरली.

राजे हसत हसत उठले आणि लेखणी घेऊन देवडीच्या पायऱ्या उतरू लागले.