उंदरीचा हरभरा आणि बाळाचं नाव

एका घरात बाळ होतं. मुलगी होती. तिला अजून नाव नव्हतं.

त्याच घरात उंदरी होती. एवढीशी. तिच्याकडे एक हरभरा होता. टपोरा. दाराआड ठेवलेला.

आज बाळाचं बारसं. आजीने केर काढला. सर्र, सर्र! हरभरा सापडला. आजीने तो धुतला. पातेल्यात टाकला. टुप्!

उंदरी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजी, आजी, माझा हरभरा दे."

"आता कसला हरभरा?" आजी म्हणाली. "आता शिजून त्याची घुगरी होणार. आधी बाळाचं नाव, मग घुगरी. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, की देते."

उंदरी गेली आत्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आत्या, आत्या, कुर्र कर. आजी घुगरी देईना, मी खाऊ काय?"

"करते की! सकाळपासून नटून बसलेय," आत्या म्हणाली. "पण कुर्र करून सांगू काय? बाबा नाव सांगेल, तर ना!"

उंदरी गेली बाबाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाबा, बाबा, नाव सांग. आत्या कुर्र करीना, आजी घुगरी देईना, मी खाऊ काय?"

"असं नाव शोधलंय, की अख्ख्या गावात नाही!" बाबा म्हणाला. "पण आई हो म्हणाली, तरच सांगीन."

उंदरी गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, हो म्हण. बाबा नाव सांगेना, आत्या कुर्र करीना, आजी घुगरी देईना, मी खाऊ काय?"

"काय म्हणालीस? ऐकू येत नाही गं!" आई म्हणाली. "बाळ बघ कसं रडतंय. ते गप्प झालं, की बघू."

उंदरी गेली बाळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाळा, बाळा, गप्प हो. आई हो म्हणेना, बाबा नाव सांगेना, आत्या कुर्र करीना, आजी घुगरी देईना, मी खाऊ काय?"

बाळ म्हणालं, "ट्यँहाँ!"

उंदरी दमली. आजोबांच्या खुर्चीखाली जाऊन बसली.

आजोबा आता नाहीत. खुर्ची आहे.

आजोबा होते, तेव्हा खारी खायचे. थोडा चुरा खाली पाडायचे. मुद्दाम. मग हळूच म्हणायचे, "ठकू, ये गं. घाबरू नको."

उंदरी उठली. पाळण्याच्या दोरीवर चढली. बाळाच्या कानाशी गेली. हळूच म्हणाली, "ठकू, ये गं. घाबरू नको."

बाळ गप्प झालं. बाळ हसलं.

आजीचा हात पातेल्यावर थांबला. "असं कोण म्हणायचं गं?"

"आजोबा. मला म्हणायचे."

आजीने खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मलासुद्धा."

बाळ गप्प झालं, तशी आई म्हणाली, "हो! हो! गप्प आहे तोवर ठेवा काय ते!"

आई हो म्हणाली, तसं बाबाने नाव सांगितलं, "मधुरभाषिणी!"

बाबाने नाव सांगितलं, तसं आत्याने कुर्र केलं. "कुर्र्र्र! मधुरभाषिणी!"

मधुरभाषिणी म्हणाली, "ट्यँहाँ!"

सगळे धावले. "ठकू, ठकू, ये गं!"

बाळ हसलं.

आजीने घुगऱ्या वाटल्या. बाबाने घास घेतला. कट्ट!

"आई गं! हा एक कच्चाच आहे!"

"तो माझा!" उंदरी म्हणाली.

बाकीचे हरभरे रात्रभर भिजले होते. उंदरीचा सकाळी पडला होता. आजीने तो पुन्हा धुतला. उंदरीला दिला. वर मऊ घुगरी दिली.

उंदरीने घुगरी खाल्ली. गट्टम! मग हरभरा खाल्ला. कुट, कुट, कुट.

मधुरभाषिणी हे नाव जपून ठेवलंय. भारी फ्रॉकबरोबर. कुठे जायचं असलं, की काढतील.

घरात आजी हाक मारते, "ठकू!"

पाळण्यात एक हसते. दाराआडून एक येते.

तुरुतुरु, तुरुतुरु.