बहिरीने ऐकलेली गाज

सांदवणे बंदरात महाराज उतरले ते एका दिवसासाठी, आणि राहिले बावीस वर्षं. टेकडीवरच्या भैरीच्या देवळात, पडवीला बसून ते नारळाच्या सोडणांचा काथ्या काढीत, त्याचा सुंभ वळीत आणि वळता वळता नाम घेत. म्हणून लोक त्यांना सुंभेबुवा म्हणत. "हात रिकामे राहिले की नामात गप्पा शिरतात," असं महाराजांचं म्हणणं. बावीस वर्षांत पडवीत सुंभाची एवढी वेटोळी साठली, की परगावच्या एका पाहुण्याला तिन्हीसांजेला तो अजगर वाटला. तो टेकडी उतरला तो थेट पुढच्या गावीच थांबला!

त्या सुंभातला निम्मा पीळ ठकू खारवणीच्या हातचा. नवरा दर्याने नेलेला, एकुलता मुलगा भिवा गलबतावर सुकाण्या, आणि ठकू दोन्ही कानांनी ठार बहिरी. तिने अनुग्रह मागितला तेव्हा लोक हसले. बहिरीच्या कानात मंत्र सांगणार कसा? महाराजांनी तिचा तळवा देवळाच्या घंटेवर ठेवला, घंटा वाजवली. ठकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "पोचलं," महाराज म्हणाले.

बाविसाव्या वर्षी दसरा नुकताच उलटला होता. आभाळ धुतल्यासारखं निळं, दर्या ताटातल्या दुधासारखा. ठकू अंगणातल्या वायनात भात सडत होती. वायन म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं दगडी उखळ. दमली म्हणून तिने मुसळ बाजूला ठेवलं, वायनावर हात टेकला, तर दगड आतून थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. दोन थरथरींच्या मध्ये तिची एकवीस नामं झाली. दुसऱ्या दिवशी सतरा झाली. तिसऱ्या दिवशी तेरा. तेव्हा मात्र ठकू तशीच कोंडा लागल्या हातांनी टेकडी चढली.

"म्हाराज!" बहिरी माणसं बोलतात तशी ती मोठ्याने म्हणाली, "दर्या खालून चालत येतोय! काल सतरा, आज तेरा!"

महाराज खाली आले. त्यांनी वायनावर तळवा ठेवला, डोळे मिटले. उठले ते धोतराचा काचा मारूनच.

"उद्या दुपारी," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "वादळ पार किनारा झोडपील. चला, कामाला लागा."

सगळे बंदरावर आले, तर तिथे हरबाजी नाखवा उभा होता. गावात सगळ्यांत मोठं गलबत त्याचं, आणि मान त्याहून उंच. एका परदेशी जहाजाच्या कप्तानाकडून मिळालेली पाऱ्याची नळी त्याच्या माजघरात टांगलेली होती. वादळ यायचं असलं की पारा खाली उतरतो, हे त्याने गावाला शंभरदा ऐकवलं होतं.

"ऐकलंत का रे!" हरबाजी मिशीवर हात फिरवीत म्हणाला. "बहिरीला गाज ऐकू आली! आता उद्या गावचा मुका कीर्तन करील!"

लोक खो खो हसले. कुणीतरी विचारलं, "पण नाखवा, तुमची नळी काय म्हणते?"

"नळीचं मी बघतो!" हरबाजी एकदम खेकसला. "नारळ भरून झालेत. पहाटे गलबत मुंबईला सुटणार, आणि मी स्वतः जाणार. बघू कोण बुडवतो!"

ठकूने भिवाचं मनगट धरलं. भिवाने तिला खुणेने सांगितलं, तोंडानेही सांगितलं, "आये, नाखवा जातोय. मी सुकाणू टाकून चुलीपाशी बसू?" तिला ते कळलं. तिने मनगट सोडलं.

महाराजांनीही त्याला अडवलं नाही. "सुकाणू सोडू नकोस," एवढंच म्हणाले.

पहाटे गलबत गेलं आणि इकडे गाव कंबर कसून उभं राहिलं. हसणाऱ्यांनीही आभाळाची दक्षिण कड तांबारलेली पाहिली होती. होड्या ओढून माडांत नेल्या. गुरं टेकडीवर हाकली. पिकलेलं भात होतं तसं कापून देवळात रचलं. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं. आणि तो बावीस वर्षांचा अजगर पडवीतून सुटला! एकेक वेटोळं उलगडलं, घराघराची छपरं खांबांना आणि होड्या माडांना आवळल्या. महाराज प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघत होते.

"बुवा, देव वादळ टाळील ना?" एकाने विचारलं.

"ते त्याचं तो बघील," महाराज म्हणाले. "गाठ सैल राहिली तर ते मात्र तुझं. पुन्हा बांध!"

सगळं बांधून झालं. ठकूने स्वतः वळलेलं एकच वेटोळं उरलं, चाळीस वावांचं. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे चाळीस. ठकू ते छातीशी धरून उभी राहिली.

"म्हाराज," ती म्हणाली, "सगळा गाव बांधला. माज्या भिवाला कशानं बांधू?"

महाराज तिला घेऊन खाली किनाऱ्यालगतच्या तिच्या अंगणात आले. सुंभाचं एक टोक वायनाला गुंडाळलं, दुसरं लाटांत भिरकावलं. लोकांनी वरून हाका मारल्या, पण दोघंही हलली नाहीत.

दुपारी ते आलं. उजेड विझला. माड जमिनीला टेकून उठत होते. ठकूचं छप्पर गाठींसकट टिकलं, पण पाणी अंगणात गुडघाभर चढलं. ठकू पाण्यात बसून होती, तळवा वायनावर, ओठ हलत होते. पाच नामं. तीन. मग दोन नामांनाही जागा राहिली नाही. महाराज तिच्या शेजारी सुंभ मुठीत धरून बसले होते.

अचानक ठकू ओरडली, "लागलं!"

आणि खरंच, सुंभ ताणून ताठ झाला! वरून माणसं धावत आली. चाळीस-पन्नास हात सुंभाला भिडले. "हेऽ ओढ! हेऽ ओढ!" तळवे सोलले, पण कुणी सोडलं नाही. आणि त्या काळोखातून, शीड फाटलेलं, डोलकाठी मोडलेलं हरबाजीचं गलबत वाळूवर येऊन आदळलं. सुकाणूला मिठी मारून भिवा होता तसा उभा!

गलबत सहा कोस दूर होतं आणि सुंभ चाळीस वावांचा. तो पोचला कसा, हे मला विचारू नका. मी आपला सुंभाच्या अलीकडच्या टोकाचा. पलीकडच्या टोकाचं भिवा सांगे, की गलबत वाऱ्याविरुद्ध चाललं होतं, आणि पुढच्या टोकाला, नाळेला, गाठ मारलेली होती ती त्याच्या आयेच्या हातची.

वारा पडल्यावर हरबाजी महाराजांसमोर आला.

"महाराज, परवा नळीतला पारा चार बोटं उतरला होता. मी म्हटलं, नळीच गळली."

"नळी खरं बोलली," महाराज म्हणाले, "ठकूही खरं बोलली. मग गावात बहिरं कोण रे, हरबाजी?"

हरबाजीने मान खाली घातली. महाराजांचा आवाज मऊ झाला. "पीळ सुंभात असावा, बाबा. म्हणून तर तू वाचलास. मानेतला तेवढा काढून टाक."

हरबाजी पाया पडायला वाकला, तर महाराजांनी पाय मागे घेतले आणि ठकूकडे बोट दाखवलं. बहिरीपुढे क्षमा मागायची कशी? तो खाली बसला, तिच्या वायनावर कपाळ टेकलं आणि हुंदके देऊन रडू लागला.

ठकूचा तळवा अजून दगडावरच होता.

"पुरे रे, नाखवा," ती म्हणाली. "ऐकलं."