उंबऱ्यावरची फुलं

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी, ते मलाही सांगता यायचं नाही. सातासमुद्रापलीकडे एक सम्राट होता. राज्य अफाट, पण स्वभाव तापट. म्हणून रोज सकाळी तो स्वतःलाच समजावणारी एक ओळ शेजघराच्या भिंतीवर लिहायचा. तिथे दुसरं कुणी फिरकतसुद्धा नसे. मग लिहायचं कुणासाठी? आहे की नाही नवल!

सम्राट गेला, राज्य गेलं, महाल पडला. उघड्या पडलेल्या भिंतीवरच्या ओळी मात्र व्यापाऱ्यांनी वाचल्या आणि त्यांच्या तोंडून त्या देशोदेशी पोचल्या. एका नगराला तर त्यांचं वेडच लागलं. जो तो आपल्या दारावर सम्राटाची ओळ रंगवी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आवडली की तो उंबऱ्यावर एक फूल ठेवी. सणाच्या दिवशी ज्याच्या दारी फुलांचा ढीग मोठा, त्याची हत्तीवरून मिरवणूक!

रायाजी रंगारी यात सगळ्यांच्या पुढे. त्याच्या दारावर ओळ होती, ‘राग गिळावा, माणूस जपावा.’ काय ते अक्षर, काय ते रंग! लोक थांबून वाचत आणि माना डोलवत.

सणाच्या सकाळी त्याचा धाकटा भाऊ सखोजी शेजारच्या गावाहून धावत आला. दोघांत कैक वर्षांचा अबोला होता.

“दादा, आईचं काही खरं नाही. सारखं तुझंच नाव घेतेय. चल लवकर!” असं म्हणत तो आत शिरला आणि त्याच्या पायाखाली फुलं चिरडली.

“डोळे फुटले का रे तुझे?” रायाजी कडाडला. “आज मिरवणुकीसाठी निवड आहे माझी! चल, चालता हो!”

सखोजीला रडूच फुटलं. तो आल्या पावली परत गेला.

“अहो, आधी सासूबाईंना भेटून या,” बायको काकुळतीला येऊन म्हणाली.

“मिरवणूक झाली की निघतोच,” रायाजी म्हणाला.

मिरवणूक झाली. मोठ्या थाटात झाली. मग गळ्यातल्या हारासकट रायाजी आईच्या गावी पोचला. अंगणात माणसं खाली माना घालून बसली होती.

“शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती रे,” सखोजी म्हणाला.

रायाजी हंबरडा फोडून रडला.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: दारावर रंगवलेलं शहाणपण वाटसरू वाखाणतात, पण आपल्या माणसांच्या उपयोगी पडतं ते अंगी बाणलेलंच.