निवडणुकीच्या दिवशीचा न्हावी

अमेरिकेत एका मोठ्या नदीच्या काठी एक शहर होतं. घोड्यांच्या ट्रामगाड्या चालत, तेव्हाची ही गोष्ट. शहर भराभर वाढत होतं. जहाजं भरून देशोदेशीची माणसं उतरत होती आणि कालच्या शेतात आज गिरणीचं धुराडं उभं राहत होतं. तिथे नदीलगतच्या वस्तीत सावेरियो नावाचा एक इटालियन न्हावी राहत होता.

त्या वस्तीचा सगळा कारभार फॅलन नावाच्या पुढाऱ्याच्या मुठीत होता. फॅलन खात होता आणि पोटभर खात होता. पण माणसं धरून ठेवायची कला त्याच्याजवळ होती. कुणाकडे मयत झाली की पहिला हजर तोच. थंडीत कुणाचा कोळसा संपला की गोणी दारात. सावेरियोला दुकानाची जागा त्यानेच मिळवून दिली होती. सावेरियोची बायको गेली तेव्हा तिला खांदा द्यायलाही तो आला होता. सावेरियो खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस. फॅलनविरुद्ध कुणी ब्र काढला तरी त्याला राग येई.

हे उपकार तो निवडणुकीच्या दिवशी फेडत असे. फॅलनची माणसं आधीपासूनच दाढ्या वाढवून ठेवत. सकाळी भरघोस दाढीने जाऊन ती एका नावाने मत देत आणि मग सावेरियोच्या खुर्चीत येऊन बसत. तो हनुवटी साफ करी, कल्ले तेवढे ठेवी. की दुसऱ्या नावाने मत. मग कल्ले जात, नुसती मिशी उरे. पुन्हा मत. शेवटी मिशीही जाई आणि तोच माणूस गुळगुळीत चेहऱ्याने परत रांगेत उभा राही. नावं असत मतदार यादीत राहून गेलेल्या मेलेल्यांची. मतदानाच्या खोलीत फॅलनच्या विरोधातल्या सुधारणावाल्यांचाही एक माणूस बसे, पण दर वेळी चेहरा निराळा दिसल्यावर तो बिचारा काय बोलणार?

सावेरियोचा एकुलता एक मुलगा आन्सेल्मो याला हे मुळीच खपत नसे. तो सुधारणावाल्यांच्या सभांना जाई.

"पाण्याच्या नळांचं कंत्राट फॅलनने आपल्या मेव्हण्याला दिलं," तो म्हणे. "नळ आत्ताच सडलेत, गटाराचं पाणी आत झिरपतंय. आणि बाबा, त्याला निवडून कोण देतं? तुमचा वस्तरा!"

"मी न्हावी आहे," सावेरियो म्हणे. "समोर बसेल त्याची दाढी करायची, एवढंच माझं काम. पुढे तो काय करतो, ते त्याचं पाप."

"या खेपेला मलाही मत आहे. माझं पहिलं मत फॅलनच्या विरुद्ध."

ते मत काही त्याला देता आलं नाही. उन्हाळ्यात वस्तीत विषमज्वर शिरला. पाणी उकळून प्या, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत फार उशीर झाला होता. आन्सेल्मो गेला. फॅलन आला, त्याने पोरालाही खांदा दिला, सावेरियोला मिठी मारून रडलासुद्धा. पोर कशाने गेलं ते सावेरियोला पक्कं ठाऊक होतं. पण तो मूग गिळून बसला.

निवडणूक आली. सावेरियोने सवयीने दुकान उघडलं. बऱ्याच जणांच्या दाढ्या उतरल्यावर एक दांडगा हमाल खुर्चीत बसला. त्याचा एक गाल साफ झाला, दुसऱ्यावर साबणाचा फेस होता, आणि तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता.

"म्हाताऱ्या, तू इटलीकडचाच ना?" तो म्हणाला. "एक नाव जरा नीट म्हणायला शिकव. माझी जीभच वळत नाही. तिथे अडखळलो तर पंचाईत व्हायची."

"कुठलं नाव?"

"आन्सेल्मो रिझूती."

 हे नाव सावेरियोनेच पोराला ठेवलं होतं. ज्याच्या पाण्याने पोराचा जीव घेतला, त्यालाच आता पोराचं मत जाणार होतं. आणि नाव कसं उच्चारायचं, ते बापाने शिकवायचं! त्याने वस्तरा खाली ठेवला.

"ऊठ."

"अरे, अर्धी राहिलीय!"

"तशीच राहू दे."

गलका ऐकून दारातून फॅलन आत आला. "सावेरियो, तुझ्या बायकोला मी खांदा दिलाय, विसरलास?"

"नाही विसरलो, साहेब. पोरालाही दिलात. आणि आता त्याचं मत न्यायला आलात."

"उद्या हे दुकान तुझं राहणार नाही."

"नको राहू दे."

सावेरियो तडक मतदानाच्या खोलीपाशी जाऊन उभा राहिला. दाढी असो वा नसो, प्रत्येक चेहरा त्याच्या हाताखालून गेलेला. "हा सकाळी येऊन गेलाय. हाही." सुधारणावाल्यांच्या माणसाला हवा होता तो साक्षीदार मिळाला. एकेक जण रांगेतून मागच्या मागे सटकू लागला. त्या वर्षी फॅलन पडला.

दुकान मात्र दुसऱ्याच दिवशी गेलं. पुढे वस्तीत नवे नळ आले. सुधारणावाल्यांनी मोठी सभा भरवून सावेरियोला व्यासपीठावर बोलावलं. तो जागचा हलला नाही.

"सत्कार कसला करता?" तो म्हणाला. "एक निवडणूक आधीच मी वस्तरा खाली ठेवला असता, तर आज माझं पोर तुमच्यात बसलं असतं." एवढं बोलून तो रडत सभेतून निघून गेला.

तात्पर्य: लबाडाची सत्ता त्याच्या एकट्याच्या बळावर चालत नाही, त्याच्या उपकाराखाली वाकलेल्या साध्या माणसांच्या हातांवर चालते. 'मी फक्त माझं काम करतो' असं म्हणून तिला हातभार लावू नये, आणि आपला हात काढून घ्यायला आपल्याच घरात मरण शिरेपर्यंत थांबू नये.