तीन घरांची ठकूबाई

एकदा एक बाई एकाच वेळी तीन घरांची झाली, आणि त्यापायी एका शिष्याची विद्या बुडायची वेळ आली.

बाईचं नाव ठकूबाई. मुलं सांभाळण्यात तिचा हात धरणारं त्या गावात कोणी नव्हतं. तेलाचा व्यापारी, कासार आणि हा शिष्य अशा तीन शेजाऱ्यांनी मिळून तिला ठेवली होती. शिष्याची बायको मागावर लुगडी विणायची, त्यावर घर चालायचं, आणि नवरा निर्धास्तपणे आचार्यांपाशी तर्कशास्त्र शिकायचा. मूल ठकूबाईपाशी, बायको मागापाशी आणि आपण ग्रंथापाशी. त्याच्या दृष्टीनं याहून उत्तम व्यवस्था त्रिभुवनात नव्हती.

रीत अशी होती की ठकूबाईनं आठवडाभर एका घरी बसायचं आणि तिन्ही घरच्या मुलांना तिथंच आणून सोडायचं. रीत चांगली होती. पण प्रत्येक घरानं ठकूबाईला हळूच बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, की आमच्या घरी बसशील तेव्हा आमच्या बाळाचं आधी बघ. दूध आधी त्याला, पाळणा त्याला, रडलं तर आधी त्यालाच उचल. शिष्य तर शिकलेला. त्यानं आपल्या भिवासाठी सत्तावीस नियम सुवाच्य अक्षरात लिहून दाराला चिकटवले. ठकूबाईला वाचता येतं का, हे विचारायचं मात्र त्या तर्कपंडिताला सुचलं नाही.

अखेर एका सकाळी ठकूबाई आचार्यांच्या ओसरीवर येऊन बसली.

“महाराज, मी चालले लेकीच्या गावाला. पोरांचा काही तरास नाही. पण ज्या घरी बसावं तिथलं एक पोर राजा, बाकीची दोन उपरी. काल व्यापाऱ्याच्या घरी दूध तापवलं, तर कासाराची यमी पुढंच येईना. का गं म्हटलं, तर म्हणती, आज आमचं घर नाही ना. अडीच वर्सांची पोर हो ती! माझ्याच्यानं नाही बघवत आता.”

शिष्य तिथंच पोथी घेऊन बसला होता. बाई गेली की माग बंद पडणार, आणि माग बंद पडला की पोथी गुंडाळून त्याला कुठंतरी कारकुनी शोधावी लागणार. तो आशेनं आचार्यांकडे पाहू लागला. आचार्यांनी शांतपणे सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“जा बाई, दोन दिवस लेकीकडे राहा. मग ठरव.”

नंतर त्यांनी तिन्ही बापांना बोलावून घेतलं. “उद्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकेकानं एक मूल सांभाळायचं. स्वतःचं नव्हे, शेजाऱ्याचं. काय करायचं ते त्याच्या बापाला विचारून घ्या. आणि आपलं मूल रडलं तरी जागचं हलायचं नाही.”

“बायकांना सांगू ना,” व्यापारी म्हणाला.

“नियम तुम्ही केलेत, तर राबाही तुम्हीच.”

दुसऱ्या दिवशी यमी शिष्याच्या वाट्याला आली, भिवा व्यापाऱ्याकडे गेला आणि व्यापाऱ्याचा गुटगुटीत लेक कासाराकडे. कासारानं सांगितलेलं सगळं शिष्यानं केलं. भात मऊ कालवला, पाय धुतले, अंथरूण घातलं. यमी काही झोपेना. ती रडून लाल झाली, तोही घामाघूम झाला. त्यात समोरच्या अंगणातून भिवाचं भोकाड ऐकू आलं. त्याचा जीव कासावीस झाला, पण गुरूची आज्ञा होती. शेवटी त्यानं यमीला खांद्यावर घेतलं. तिनं चाचपडत त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि बघता बघता झोपी गेली. तिला खाली ठेवायचा धीर त्याला होईना. तसाच तो खिडकीशी गेला. समोर ढेरपोट्या व्यापारी अंगणात चारी पायांवर रांगत होता, आणि पाठीवर बसलेला भिवा खिदळत होता. शिष्याला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

संध्याकाळी तिघं ओसरीवर जमले. व्यापाऱ्याचे गुडघे सोलवटले होते.

“तुमची यमी कान धरल्याशिवाय झोपत नाही, माहीत होतं तुम्हाला?” शिष्यानं विचारलं.

कासार ओशाळला. “नाही बुवा. दुपारी मी भट्टीपाशी असतो. आणि व्यापारीबुवा, तुमचा लेक माझ्याकडे गरम भाकरी मागून मागून खात होता. तुम्ही तर म्हणालात, तो भाकरीला शिवत नाही!”

“अहो, पण कुणाचं पोर रडवेलं परत गेलं नाही ना? मग झालं,” व्यापारी गुडघा चोळत म्हणाला.

“गुरुजी,” शिष्य म्हणाला, “हे सगळं ठकूबाईला ठाऊक असणार.”

आचार्य हसले. “अरे, तिला तिन्ही मुलं ठाऊक आहेत. तुम्हाला मात्र एकेकच मूल आहे. तुम्ही बाई वाटून घेतलीत, मुलं वाटून घेतली नाहीत. म्हणून जिथं तीन घरं मिळून एक अंगण व्हायचं, तिथं तुम्ही तीन वेशी उभारल्यात. आणि रोज त्या ओलांडत होती ती बिचारी बाई आणि ही चिमुरडी पोरं. आपल्या उंबऱ्याच्या आत आलेलं मूल आपलंच मानलं, तर कुठलाही नियम लिहावा लागणार नाही.”

तिसऱ्या दिवशी तिघं बाप तिन्ही मुलांना कडेवर घेऊन लेकीच्या गावी ठकूबाईला आणायला गेले. ती दारात येऊन पाहत राहिली. कुणाच्याच कडेवर स्वतःचं मूल नव्हतं. “थांबा, लुगडी बांधून घेते,” एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पाळी व्यापाऱ्याच्या घराची होती. शिष्य आचार्यांसमोर पाठ म्हणत बसला होता. पलीकडे व्यापाऱ्याच्या अंगणात भिवा धपकन पडला आणि त्यानं सूर लावला. शिष्य अर्धवट उठला. तेवढ्यात “आलो, आलो माझ्या राजा!” असा व्यापाऱ्याचा आवाज आला. शिष्य पुन्हा खाली बसला आणि राहिलेला पाठ म्हणू लागला.