चार मिनिटांचा स्क्रू

“चाचा, मोटर केवढी घेऊ, तेवढं सांगा. बाकी सगळं झालंय.”

दस्तगीर मिस्त्रींनी लेथ मशीन थांबवलं. विचारणारा वैजनाथ कोल्हापुरातल्या याच वर्कशॉपात लेथ शिकला, मग इंजिनिअर झाला. तेव्हापासून तो इथं विचारायला कमी आणि सांगायला जास्त यायचा.

आज मात्र त्याचा चेहरा उतरला होता. रविवारी त्याची आई दवाखान्यातून घरी येणार होती. खुब्याचं हाड मोडलेलं आणि घर वरच्या मजल्यावर. तिला खुर्चीसकट वर नेणारा पाळणा त्यानं बनवला होता आणि चाचणीसाठी वर्कशॉपातलीच मोटर लावून तो इथंच उभा केला होता. मोटर लांब, उभा स्क्रू फिरवायची आणि त्यावरचा नट पाळण्याला घेऊन वर चढायचा. काळजीनं आठवडाभर त्याला धड जेवणही गेलं नव्हतं.

“तुम्ही कापून दिलेला स्क्रू काढला मी,” तो म्हणाला. “वर जायला चार मिनिटं घ्यायचा. घासायचा फार, मोटर तापायची. हा नवा बघा. नटात छर्रे आहेत, घर्षण नावालाही नाही. वीस सेकंदांत वर.”

“उचलणार कोण?”

“मोटर.”

“अन् पेलणार कोण?”

“तीच की.”

मिस्त्रींनी हात पुसले. पाळण्यातली वाळूची पोती त्याला उतरवायला लावली आणि स्वतः आत मांडी घालून बसले.

“घे वर.”

वीस सेकंदांत सत्तरीचे चाचा नऊ फुटांवर पोचले. वैजनाथला मनातून बरं वाटलं.

“मोटर दमदार आहे लेका,” वरून आवाज आला. “आता मेन स्विच बंद कर.”

वैजनाथचा हात स्विचपर्यंत गेला... आणि थांबला.

“कर की.”

“चाचा, आधी तुम्हाला खाली घेतो.”

“का?”

“लाईट आहे तोवर मोटर धरते. लाईट गेली की स्क्रू उलटा फिरेल... पाळणा खाली येईल.”

आपल्याच तोंडचं ऐकून तो हादरला. एवढी आकडेमोड केली, पण त्याच्या कागदावर लाईट कधी गेलीच नव्हती.

“आज वार कोणता रे?” चाचांनी सहज विचारलं.

गुरुवार. दर गुरुवारी साडेअकराला दुरुस्तीसाठी या भागातली लाईट जाते, हे इथल्या भिंतींनाही पाठ होतं. घड्याळात अकरा अठ्ठावीस झाले होते.

घाईत वैजनाथनं वर जायचंच बटण दाबलं. वर जागा नव्हती, मोटर कण्हली. मग खालचं दाबलं. ज्या वीस सेकंदांची फुशारकी मारत होता, ते आता संपता संपेनात.

पाळणा टेकला. चाचा लुंगी झटकत बाहेर आले आणि स्टुलावर बसले.

थोड्या वेळानं डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला.

वैजनाथ पाळण्याशेजारी खालीच बसला. “रविवारी मी आईला यात बसवणार होतो.”

मिस्त्रींनी बाकाखालून जुन्या स्क्रूचा कापून उरलेला हातभर तुकडा काढला आणि त्याच्यासमोर उभा धरला. त्यावरचा नट मधोमध होता. त्यांनी तुकडा हलवला, झटकला. नट होता तिथंच राहिला.

वैजनाथनं बोटानं नट खाली दाबून बघितला. घासत होता, म्हणूनच धरून होता.

“जुनाच स्क्रू बसवतो,” तो म्हणाला. “पण चाचा, चार मिनिटं लागतात. एवढा वेळ आई अधांतरी बसून राहणार. घाबरेल ती. म्हणून म्हणतो, मोटर केवढी घेऊ?”

मिस्त्रींनी तो तुकडा त्याच्या हातात दिला.

“मोटर बघू नंतर. चार मिनिटं आईशी काय बोलशील, ते ठरव.”