हातांची खिडकी

“मग खोटा माणूस ओळखायचा तरी कसा, बाबा?”

श्रीरंगने पुन्हा विचारलं.

शम्सुबाबा चुलीजवळ हात शेकत बसले होते. डोंगराच्या कुशीतला तो फकिरांचा तकिया, खाली तळं, आणि तळ्यावरून उठून दारापर्यंत आलेलं पौषातलं धुकं. उजाडलं होतं की अजून उजाडायचं होतं, कळत नव्हतं.

“बोला ना, बाबा.”

“ऐकतोय मी... तू बोल.”

श्रीरंग डोईफोडे मंत्रालयात नियमांचे मसुदे लिहायचा. कॉलेजात असताना दर गुरुवारी तो या तकियात येऊन बाबांच्या पायाशी बसायचा. आज तो सरकारी गाडीने आला होता. ज्या अन्नछत्राला सरकार धान्य देतं, तिथे यापुढे अंगठा आणि चेहरा जुळल्याशिवाय कुणालाही अन्न मिळणार नाही, असा नियम त्याने लिहिला होता. उद्या त्यावर सही व्हायची होती.

तकियालाही सरकारी ज्वारी यायची.

“म्हणजे आमची भाकऱ्या वाटायची खिडकी बुजवायची म्हण की,” हलीमाबी म्हणाली. तकियाची चूल ती सांभाळायची आणि श्रीरंग तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचा. ती भाकऱ्या थापत होती.

“खाला, खिडकीच्या जागी मशीन बसेल.”

“मशीन भाकऱ्या थापेल का रे? तसं असेल तर आजच आण. माझे खांदे गेलेत.”

श्रीरंग हसला. मग गंभीर झाला.

“बाबा, तुमच्यापुरतं वेगळं कलम घालता येईल मला.”

“माझ्यापुरतं? मी तर आत बसतो...”

श्रीरंगने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“मी गावोगाव फिरलोय, बाबा,” तो हळूच म्हणाला. “एकजण दोनदा घेतो आणि रांगेतला शेवटचा उपाशी परत जातो. डोळे मिटले की मला तो शेवटचा दिसतो. त्याच्यासाठी लिहिलाय हा नियम.”

“ठाऊक आहे मला. तू भला मुलगा आहेस.”

बाबा उठले. हलीमाबीच्या पुढ्यातली भाकऱ्यांची टोपली त्यांनी उचलली आणि श्रीरंगच्या हातात दिली.

“आज तू वाढ.”

तकियाच्या मागच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर एक आरपार झरोका होता, हीच ती खिडकी. कोपरापर्यंत हात जाईल एवढाच. आतल्याला बाहेरचा माणूस दिसत नसे आणि बाहेरच्याला आतला. हात आला की त्यावर भाकरी ठेवायची. नाव विचारायचं नाही. बोलायचं नाही. ही रीत कुणी घातली, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं.

श्रीरंग झरोक्याशी बसला.

“नियम कुठला पाळू, बाबा? तुमचा की माझा?”

“तुला बरा वाटेल तो.”

पहिला हात आला. चुन्याने पांढरा पडलेला. श्रीरंगने भाकरी ठेवली आणि हात धुक्यात विरून गेला.

मग मेंदी उतरत आलेला हात. मग एक थरथरता, म्हातारा. मग एक इतका लहान की भाकरी त्याच्या दोन्ही बाजूंनी लोंबली.

हात येत होते, जात होते. आवाज नव्हता. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. माणसं नव्हतीच जणू, नुसते हात तळ्यातून उगवत होते आणि परत तळ्यात जात होते. श्रीरंगला वाटलं, आपण झोपेत आहोत. आणि ही झोप मोडू नये असंही वाटलं.

मग मनगटाला काळा दोरा बांधलेला एक हात आला. भाकरी घेऊन गेला.

थोड्या वेळाने तोच दोरा पुन्हा आला.

श्रीरंग खडबडून जागा झाला.

त्याने ते मनगट घट्ट धरलं.

“तू मघाशी येऊन गेलास!”

हाताने ओढाताण केली नाही. तो तसाच राहिला... गार, पकडलेल्या पाखरासारखा. आत कुठेतरी नाडी उडत होती.

श्रीरंगची पकड आपोआप सैल झाली. हात हळूच मागे सरकला आणि गेला.

बाहेर गवतात पावलं वाजली. पुष्कळ पावलं. मग तीही थांबली.

श्रीरंगने पुढची भाकरी उचलून धरली आणि वाट पाहिली.

झरोक्यातून नुसतं धुकं आत येत होतं.

तो वाट बघतच राहिला. शेवटी टोपली घेऊन मागच्या दाराने बाहेर आला. ओलं गवत जागोजाग दबलेलं होतं. तळं होतं. माणूस एकही नव्हता.

“अहो!” त्याने हाक मारली. “या ना... भाकरी आहे!”

धुक्याने त्याची हाक थोडी दूर नेली आणि कुठेतरी ठेवून दिली.

तो आत आला तेव्हा हलीमाबीचं थापणं थांबलं होतं.

“काय झालं रे?”

“एकजण दुसऱ्यांदा आला होता, खाला. मी पकडलं त्याला.”

“कोण होता?”

“चेहरा कुठे दिसतो तिथून...”

“घरी कुणी पडून असेल त्याच्या. की खरंच लबाड होता?”

“माहीत नाही.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांना मी काही म्हटलंच नव्हतं!”

हलीमाबीने पिठाचे हात परातीत झटकले.

“तू आत होतास, पोरा. बाहेर उभं राहून काय दिसलं असेल त्यांना? भिंतीनं माणसाचा हात धरला.”

चुलीत लाकूड तडकलं.

श्रीरंग बाबांसमोर बसला. त्याचा आवाज लहान झाला होता.

“उद्या सही आहे, बाबा. मी काय करू?”

बाबांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. भाकऱ्यांवर तळवा ठेवून पाहिला. अजून ऊन होत्या. त्यांनी फडकं नीट झाकलं आणि टोपली त्याच्याकडे सरकवली.

“भाकऱ्या तर वाचल्या, बेटा... आता खाणारा शोधून आण.”